आप्पांनी वाचवलेला वेळ

आप्पा वाचायला बसले की आधी ओठांना चिमटा लावायचे. चिमटा म्हणजे दोरीवर कपडे वाळत घालताना लावतात तो, प्लॅस्टिकचा, निळा. दोन्ही ओठ मिटून तो अलगद बसवायचा, चष्मा नाकावर सरकवायचा आणि सायकलचा एक जुना स्पोक हातात धरून ओळींवरून सरसर फिरवायचा. आमच्या वाचनालयात पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, दाताचं काही दुखणं असावं.

"दुखत न्हाय काय," चिमटा काढून आप्पा म्हणाले. "वाचताना ओठ हालत्यात ना ताई, त्यानं स्पीड पडतो. मोबाईलवर सांगितलंय. मानूस मनातल्या मनात बोलत बसतो, म्हणून मागं ऱ्हातो. ओठ बांधला, की डोळा सुटला!"

एवढं सांगून त्यांनी चिमटा परत लावला आणि पुढचं पान उलटलं.

मी सुनंदा. भवानीनगरच्या या वाचनालयात अकरा वर्षं बसते. ग्रंथपाल हा शब्द आमच्या दोन खोल्यांना आणि सात कपाटांना जरा ढगळच होतो, म्हणून लोक मला नुसतं ताई म्हणतात. माझ्या खुर्चीशेजारी खिडकी आहे. बाहेर कारखान्याकडं जाणारा रस्ता. गाळप सुरू असलं की हवेला दिवसभर उकळत्या रसाचा गोड, जड वास असतो. उसाच्या गाड्या डुलत डुलत जातात. पलीकडच्या शेतातले पांढरे तुरे उन्हात असे हलतात की हातातली ओळ सुटते, आणि सुटली तरी काही वाटत नाही. माझं एक पुस्तक दोन महिने चालतं. त्यामुळंच असेल, सुधारायला म्हणून आप्पांना आख्ख्या भवानीनगरात पहिली मीच सापडले.

"ताई, तुमचा मिनिटाला किती शब्द स्पीड हाय?"

"कधी मोजला नाही, आप्पा."

"मोजू की."

त्यांनी मोबाईलवर घड्याळ लावलं. मी वाचायला लागले. मिनिट संपल्यावर त्यांनी स्पोकाच्या टोकानं शब्द मोजले आणि माझ्याकडं फार करुणेनं पाहिलं.

"बावन्न. निम्मा टाइम तर तुमी भाईर बघत हुता."

"अहो, गोष्टीत नदी आली होती. म्हणून जरा बाहेर बघितलं."

"भाईर कुठं नदी हाय?"

ते खरंच होतं. बाहेर नदी नव्हती. पण मला थोडी दिसली होती, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

आप्पांचं नाव जगन्नाथ. कारखान्याच्या टाइम ऑफिसात त्यांनी पस्तीस वर्षं टाइमकीपर म्हणून काढली. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर पडला, हे लिहिणं त्यांचं काम. अंगानं काटकुळे, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. निवृत्त झाल्यावर पाच-सहा वर्षं ते चारचौघांसारखे वागले. स्टँडवर चहा प्यायचे, पारावर टेकायचे, घरी जायचे. मग गेल्या दिवाळीच्या आसपास त्यांना मोबाईलवर एक कोर्स सापडला. महिन्याभरात वाचनाचा वेग तिप्पट, शिवाय आयुष्याला शिस्त, असं काहीसं त्यात होतं. शिकवणारे सर स्वतःच इतकं भरभर बोलायचे की त्यांचा एकेक धडा आप्पांना चार-चारदा ऐकावा लागायचा.

शिस्त लागली ती अशी. दात घासता घासता आप्पा झाडांना पाणी घालायला लागले. दिवसभराचा चहा पहाटेच करून थर्मासात भरून ठेवायला लागले. फोन उचलल्यावर 'हॅलो'च्या जागी "मुद्दा?" असं विचारायला लागले. पुण्याहून मुलाचा फोन आला, तर त्यानं तोंड उघडायच्या आत इकडून उत्तर जायचं. "बरा हाय, जेवलो, आई बरी हाय. मुद्दा?" लग्नाला गेले की अक्षता टाकायच्या आणि चपला घालायच्या. यजमान जेवायचा आग्रह करीत मागं धावला, तर "अक्षता पडल्या, मुद्दा झाला," म्हणून हे मांडवाबाहेर.

सगळ्यात कहर रामरामाचा. रस्त्यात भेटेल त्याला राम राम घालण्यात रोज अकरा मिनिटं जातात, असा त्यांनी हिशेब काढला. मग रोज सकाळी चौकात उभं राहायचं, दोन्ही हात वर करून एकदाच मोठ्यानं म्हणायचं, "सगळ्यांस्नी राम राम!" त्यानंतर दिवसभरात कुणी राम राम घातला, की आप्पा नुसतं बोट मागं करायचे.

"चौकात झालाय."

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं. "टाइम वाचला!" झाकण न लावता डबा ठेवला, टाइम वाचला. बिनबटणांचा शर्ट शिवून घेतला, टाइम वाचला. आमच्याकडं येणाऱ्या शिंदेबाई, त्या पूर्वी शाळेत मराठी शिकवायच्या, त्यांनी एकदा हसत विचारलं, "आप्पा, वाचला म्हणजे उरला, का वाचून काढला?"

आप्पा थांबले. बराच विचार केला. "दोनी," म्हणाले.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकूच म्हणतो. काकू एकदा दळण घेऊन जाताना खिडकीशी थांबल्या. "आमच्या घरात आता सकाळी अकरालाच संध्याकाळ हुती बघा, ताई. झाडलोट, अंघोळ, बाजार, लाईट बिल, समदं उरकून ह्ये मोकळं. पुढचा आख्खा दिवस मी कुठं ठिवू?"

मोकळे होऊन आप्पा वाचनालयात यायचे. चिमटा, स्पोक, घड्याळ. रोज एक पुस्तक फस्त. जाताना ते माझ्या टेबलावर ठेवायचे.

"कसं होतं, आप्पा?" मी विचारायची.

"दोनशे सोळा पानं."

बरोबर पावणेबाराला मात्र ते उठायचे. वाक्य अर्धं असो, शब्द अर्धा असो, पुस्तक मिटून, चिमटा खिशात घालून निघायचे. कुठं जाता म्हटलं की म्हणायचे, "ड्यूटी." आम्ही समजायचो, जेवून झोपत असतील. तेवढ्या झोपेसाठी एवढा वेळ वाचवणारा माणूस म्हणून आम्हाला त्यांची गंमत वाटायची.

मग तो शनिवार आला. आप्पांनीच कल्पना काढली, की वाचनालयात सगळ्यांसमोर आपण फास्ट वाचून दाखवू, म्हणजे गावाला गोडी लागेल. पंधरा-वीस माणसं जमली. शिंदेबाईंनी कपाटातून एक कादंबरी काढून दिली, एकशे ऐंशी पानांची. आप्पांनी नमस्कार केला, चिमटा लावला, कुणीतरी घड्याळ लावलं.

अर्धा तास वाचनालयात फक्त पानांचा आवाज होता. उन्हाचा पट्टा टेबलावरून हळूहळू त्यांच्या हातावर चढला. स्पोक चमकत होता. बाहेर एक गाडी उसाच्या कांड्या सांडत गेली, कुणी बघितलं नाही. मला ते सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटत होतं, आणि आप्पा त्या पाण्यातून एकटेच सुळकन पुढं निघालेत.

"झालं!" आप्पांनी चिमटा काढला. ओठांवर दोन लाल वळ होते. "एकोणतीस मिनिटं."

टाळ्या झाल्या. शिंदेबाईंनाही कौतुक वाटलं होतं. त्यांनी सहज, काही वाईट मनात नसताना विचारलं, "आप्पा, मग ती मुलगी शेवटी घरी परत येते का हो?"

"मुलगी?"

"गोष्ट तिचीच आहे ना. सुमित्राची."

आप्पांनी पुस्तकाकडं पाहिलं. "हाय की मुलगी. एकशे बारा पानावर हुती."

"पण येते का परत?"

"मधी हुती ती," आप्पा म्हणाले. "मंग... पुढं पानं हुती."

लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. आप्पांनीही हसायला तोंड उघडलं, पण ते तसंच राहिलं. सगळे पांगल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. हात पुस्तकावर होता.

"ताई, वाचलं म्हंजी समजलं, असं नसतं व्हय?"

"नेहमी नसतं, आप्पा."

"मंग मी तीन म्हैने केलं काय?"

"अहो, हसण्यावारी न्या ना. कुणाला काय वाईट वाटलं नाही."

"लोकांचं न्हाय वो ताई," ते म्हणाले. "मला दुसऱ्याला शिकवायचं हुतं."

कुणाला, ते विचारायच्या आत ते पायऱ्या उतरले होते. चष्मा टेबलावरच राहिला.

त्यानंतर आठ दिवस आप्पा आले नाहीत. चौकातला राम रामही बंद झाला होता, असं कळलं. सुट्टीच्या दिवशी चष्मा घेऊन मी त्यांच्या घरी गेले. काकू अंगणात शेंगा फोडत होत्या.

"ह्ये कळसला गेल्यात. रोज जात्यात की. दोन गाड्या बदलून जायचं, दोन गाड्या बदलून यायचं. तुमास्नी ठाव न्हाय? मेहबूबभाईकडं."

मेहबूबभाई म्हटल्यावर मला एकदम सायकलची घंटा ऐकू आली. तीस वर्षं भवानीनगरात पेपर टाकणारा माणूस. स्टँडजवळ एका खोलीत राहायचे, पहाटे गठ्ठा सोडायचे, घरोघर फिरायचे. वाचनालयाचे पेपरही तेच आणायचे. दसऱ्याच्या सुमारास आजारी पडून ते बायकोबरोबर आपल्या गावी कळसला गेले, एवढंच मला माहीत होतं. त्यांच्या जागी दुसऱ्याचे पेपर यायला लागले आणि मी, मान खाली घालून सांगते, पुन्हा चौकशी केली नव्हती.

"काय झालं होतं त्यांना?"

"डोक्यात रक्ताची गाठ झाली. हातपाय सुधारलं, बोलाय येतंय. पर वाचाय येत न्हाय." काकूंचा हात शेंगांवर थांबला. "पेपरवाल्याला वाचाय येत न्हाय, ताई."

मी स्कूटर तशीच कळसच्या रस्त्याला घातली. दुपार होती. दोन्ही बाजूंनी उसाचे तुरे, वर फिकट आभाळ, आणि कुठंतरी पाचट जाळल्याची काजळी पिसांसारखी तरंगत खाली येत होती. गाडी मी चालवत होते की रस्ताच मागं सरकत होता, कळत नव्हतं. वाटेतलं अंथुर्णं गाव मागं पडलं, तेव्हा कुठं मला वाटलं की आपण काय म्हणून चाललोय ते ठरवायला पाहिजे. ठरलं नाही. चष्मा द्यायचा, एवढंच.

घर सापडायला वेळ लागला नाही. बोरीच्या सावलीत एक बाज, बाजेवर उशीला टेकून मेहबूबभाई. दाढी पांढरी झाली होती. शेजारी खुर्चीवर आप्पा. दोघांच्या मध्ये, मांडीवर पसरलेला एक पेपर, उन्हानं पिवळा पडलेला. मला बघून आप्पा चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

"मुद्दा?" असं विचारतील म्हणून मी चष्मा पुढं केला. आप्पांनी चष्मा घेतला, शर्टाला पुसला आणि माझ्यासाठी स्वतः खुर्ची आणायला आत गेले.

मेहबूबभाईंनी मला ओळखलं. "सुनंदाताई. वाचनालय. पायऱ्या तीन," ते सावकाश म्हणाले, आणि हसले. मग पेपराकडं बोट केलं. "ही मात्र वळख देईनात. दिसत्यात समदी. पर मुंग्या बसल्यावानी. तीस वरसं सायकलीवर घिऊन फिरलो यांस्नी, ताई. आन् आता ही माजी कुणीच न्हाईत."

त्यांची बायको, रशिदाभाभी, पाणी घेऊन आल्या. त्यांनीच सगळं सांगितलं. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की मेंदूतला वाचायचा तेवढा कोपरा दुखावलाय. पुन्हा पहिल्यापासून सराव केला तर थोडं थोडं येईल, पण किती, ते सांगता येणार नाही. कुणी शिकवणारं असलं तर बरं. आप्पा त्या वेळी दवाखान्यात सोबत होते. "मी हाय," म्हणाले.

"मला कुठं शिकवाय येत हुतं?" खुर्ची ठेवून आप्पा म्हणाले. "म्हटलं, मोबाईलवर असंल. 'वाचायला शिका' म्हणून लिवलं. जो कोर्स निघाला त्यो फास्टचाच. म्हटलं असू दे, आदी आपण शिकू, मंग याला देऊ. आन् कळसला यायचं म्हंजी दुपार सगळी जाती. मंग बाकीचं उरकाय नको व्हय लवकर?"

अकरा मिनिटांचा राम राम, थर्मासातला चहा, मांडवाबाहेर घातलेल्या चपला, हे सगळं या बोरीखाली आणून ठेवलेलं होतं.

"पयल्यांदा रोज नवा पेपर आणायचे," रशिदाभाभी म्हणाल्या. "घड्याळ लावायचे. ह्यांना जमायचं नाही, डोळ्यांतनं पाणी यायचं. आप्पा म्हणायचे, मेथड हाय, जमंल. मग गेल्या शनिवारी दुपारी आले ते उभ्यानंच म्हणाले, मेहबूब, माज्या मेथडीत खोट हाय. मोबाईल टाकला पिशवीत. तेव्हापासून हा एकच पेपर चालू हाय."

"कितवा दिवस?" मी विचारलं.

"आज आठवा," आप्पा म्हणाले. "त्याच शनिवारचा हाय. पयलंच हेडिंग. दोन शब्द झालं."

मी म्हटलं, "वाचनालयात मुलांची मोठ्या अक्षरांची पुस्तकं आहेत, मी आणून देते. सोपं जाईल."

मेहबूबभाईंनी मान हलवली. "पेपरच पायजे. पेपरवाला हाय मी."

आप्पा माझ्याकडं वळले. आवाज उतरलेला होता. "ताई, तुमास्नी ठाव न्हाय. मी कवा पेपर वाचलाच न्हाय. रात्रपाळी सुटली की स्टँडवर यायचं, ह्यो गठ्ठा सोडायचा आन् पयला पेपर मोठ्यानं वाचायचा. काय आवाज हुता! मी चहा घ्यायचा आन् ऐकायचं. तीस वरसं. जगात काय चाललंय ते समदं मला याच्या तोंडून कळलं. दसऱ्याला ह्यो हिकडं आला, मंग मी एकटा पेपर घिऊन बसलो. एक पान वाचाय मला तास लागला. आन् वाचून झाल्यावर सांगू कुणाला?"

मेहबूबभाई पेपराकडंच बघत होते. "गप," ते म्हणाले. "वाचू दे."

आप्पांनी खुर्ची बाजेजवळ सरकवली.

ते वाचन मी कधी विसरणार नाही. मेहबूबभाईंचं बोट पहिल्या अक्षरावर गेलं. ते अक्षर कोण, ते आठवायला त्यांनी डोळे मिटले. बोरीची दोन पिकली बोरं खाली पडली. कोंबडी बाजेखालून गेली, परत आली. "का," मेहबूबभाई म्हणाले. मग "काल." मग फार वेळानं, "कालव्याला." पुढचं "उद्या" लवकर आलं, ते काल जमलेलं होतं. मग बोट तिसऱ्या शब्दावर गेलं आणि तिथंच राहिलं.

तो शब्द 'पाणी' होता. मला दिसत होता, आप्पांना दिसत होता. माझ्या जिभेवर आलेला शब्द मी दातांत धरला. आप्पांकडं पाहिलं. दुसऱ्याचं वाक्य कधी पुरं होऊ न देणारा तो माणूस हात मांडीवर ठेवून बसला होता, डोळे मेहबूबभाईंच्या बोटावर, आणि त्याचे ओठ हलत होते. आवाज न करता ते 'पा' म्हणत होते, पुन्हा 'पा' म्हणत होते, जणू तिकडं अडलेलं इकडून ढकलता येईल.

ऊन बाजेच्या पायापाशी होतं, ते उशीपर्यंत आलं. लांबून गाडीचा हॉर्न ऐकू आला. आप्पांची परतीची गाडी. ती आली, थांबली, गेली.

"पाणी," मेहबूबभाई म्हणाले.

आप्पांनी नाक पुसलं. "फुडं."

"सु... सुट..."

"अंदाज करू नगं. वाच."

"वाचतोय की!" मेहबूबभाई चिडले, आणि चिडण्यात त्यांचा जुना खणखणीत आवाज एकदम वर आला. "सुटणार! कालव्याला उद्या पाणी सुटणार!"

भाभी चुलीपासून उठून दारात आल्या. पदर डोळ्यांना लावून तशाच उभ्या राहिल्या. आप्पांनी दोन्ही हातांनी मेहबूबभाईंचा वाचणारा हात धरला होता, सोडत नव्हते.

"म्हंजी उद्या पाणी येतंय, जगू," मेहबूबभाई म्हणाले.

"पेपरात आलंय म्हंजी येतंयच."

"मंग बांदावर जाऊ या बघाय."

"जाऊ की."

पाणी सुटून आठवडा झाला होता. घराच्या मागूनच कालव्याची चारी वाहत होती. तिचा आवाज त्या दोघांनाही येत होता, आणि दोघंही मान थोडी तिरकी करून तो ऐकत बसले होते.